वर्धा खोऱ्याचे देणे आणि नाशिक

एकलहरे येथील औष्णिक वीज केंद्रात ६६० मेगावॉटचा बदली संच उभारावा की नाही, हा नाशिकमधला जुना वाद आहे. तेथील २१० मेगावॉटचे तीन संच १९८० च्या आसपास उभे राहिले आणि आता त्यांचे वय झाले आहे. नवा संच आला नाही तर केंद्र हळूहळू बंद पडेल, कामगारांवर आणि त्यांच्या आधाराने चालणाऱ्या परिसरातील व्यवसायांवर गदा येईल, असे एका बाजूचे म्हणणे आहे. राखेने शेतांचे नुकसान होते, धुराने हवा बिघडते आणि गोदावरीच्या पाण्यावर आणखी एक वाटेकरी वाढतो, असे दुसरी बाजू सांगते. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु या सगळ्या चर्चेत ज्या भूमीतून हा कोळसा निघतो, तिचे नाव क्वचितच ऐकू येते. एकलहऱ्याच्या भट्ट्यांत जळणारा कोळसा मुख्यतः विदर्भातून, सहाशे किलोमीटरांहून अधिक रेल्वेप्रवास करून येतो. त्याची किंमत आपण केवळ विजेच्या देयकात मोजतो. ज्या खोऱ्यातून तो उकरला जातो, त्या खोऱ्याची झीज भरून काढण्याचा खर्च त्या देयकात पुरेसा धरलेला नसतो. तो धरला गेला पाहिजे आणि नाशिकसारख्या वापरकर्त्या शहरांनी तो उचलला पाहिजे, असे माझे मत आहे.

प्रथम हे अवलंबित्व आले कोठून, ते पाहू. नाशिक जिल्ह्याची भूमी जवळजवळ सर्वत्र बेसॉल्टची आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थरांवर थर पसरत गेले आणि त्यांनी आजच्या महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग झाकून टाकला. ब्रह्मगिरी, अंजनेरी, साल्हेर ही सारी याच थरांची झिजून उरलेली शिखरे आहेत. या खडकाने आपल्याला काळी जमीन दिली, बांधकामाचा दगड आणि मुरूम दिला, त्याच्या पोकळ्यांत वाढलेले झिओलाइटचे देखणे स्फटिक दिले, जे सिन्नरच्या खनिज संग्रहालयात पाहता येतात. कोळसा मात्र तो देऊ शकत नाही, कारण कोळसा तयार होण्यासाठी पाण्याखाली, गाळाखाली दीर्घकाळ दडपलेली वनस्पती लागते. बेसॉल्टच्या खाली गाळाचे खडक असतील, असे कोणी म्हणेल. तसे ते काही भागांत आहेतही. विदर्भात कोळशाचे थर बेसॉल्टखाली शिरलेले आढळतात. परंतु कोयना परिसरातील संशोधनासाठीच्या खोल वेधविवरात (बोअरमध्ये) सुमारे १,२५० मीटर बेसॉल्ट ओलांडल्यावर थेट ग्रॅनाइटी पाया लागला आणि किल्लारीच्या विवरात ३३८ मीटर बेसॉल्टखाली जेमतेम ८ मीटर गाळखडक मिळाला. बेसॉल्टचे पांघरूण जाड आहे म्हणून त्याखाली खजिना असेलच, असे समजण्यास आधार नाही. नाशिकने कोळशाच्या बाबतीत आपण सर्वस्वी दुसऱ्याच्या भूमीवर अवलंबून आहोत, हे स्पष्टपणे मान्य केलेले बरे.

ती दुसरी भूमी कशी घडली, हे थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण पुढील सारा युक्तिवाद तिच्या घडणीवर उभा आहे. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूभाग गोंडवन या महाखंडाचा भाग होता आणि दक्षिण ध्रुवाच्या बराच जवळ होता. त्या काळात वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी यांच्या आजच्या प्रवाहांच्या दिशेने, वायव्येकडून आग्नेयेकडे, जमिनीचा एक लांबट पट्टा भेगांच्या मधोमध हळूहळू खचू लागला. खचणाऱ्या त्या पट्ट्यात भोवतालच्या उंच प्रदेशाचा गाळ कोट्यवधी वर्षे साचत राहिला. तळाशी बसला तो हिमनद्यांनी आणलेला गोट्यांचा आणि मातीचा थर. भूवैज्ञानिक त्याला तालचीर म्हणतात. चंद्रपूरजवळ पैनगंगेकाठी, इरई येथे, त्याहून कितीतरी जुन्या चुनखडकाच्या पृष्ठभागावर बर्फाने ओढलेले ओरखडे आढळले आहेत. आज जेथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, त्या प्रदेशात एके काळी हिमनद्या सरकत होत्या, याचा हा दगडावर उमटलेला पुरावा आहे.

बर्फ मागे हटल्यावर नद्या आल्या, दलदली आल्या आणि ग्लॉसोप्टेरिस या आज नामशेष झालेल्या वनस्पतीची घनदाट राने आली. त्यांच्या अवशेषांतून बराकर या थरातला दगडी कोळसा तयार झाला. वर्धा खोऱ्यात त्याचा मुख्य थर काही ठिकाणी पंधरा-वीस मीटर जाडीचा आहे. वनस्पतींबरोबर नद्यांचा चिखलही साचत गेला आणि म्हणून आपल्या गोंडवनी कोळशात गंधक कमी, पण राख फार, साधारणपणे ३० ते ४० टक्के निघते. एकलहऱ्याच्या राखेचा प्रश्न हा असा त्या प्राचीन दलदलीतच सुरू झालेला आहे. कोळशाच्या वर कामठी थराचे लालसर, सच्छिद्र वालुकाश्म बसले; नागपूरजवळच्या कामठीवरून त्यांना हे नाव मिळाले. हे वालुकाश्म पाणी साठवतात आणि त्या भागातील असंख्य विहिरी त्यांच्यावर जगतात. खोऱ्याच्या आग्नेय भागात, गडचिरोलीतील सिरोंचा तालुक्यातल्या कोटा गावावरून ओळखल्या जाणाऱ्या आणखी तरुण थरात मासे आणि डायनोसॉर यांचे जीवाश्म मिळाले. याच कोटा थरातील एका महाकाय शाकाहारी डायनोसॉरला १९७५ मध्ये रवींद्रनाथ टागोर यांच्या स्मरणार्थ बारापासॉरस टागोराय हे नाव देण्यात आले. आणि गोंडवनी थरांच्या तळाशी व कडेला पैनगंगा समूहाचा चुनखडक आहे. कोरपना आणि राजुरा तालुक्यांच्या परिसरातले सिमेंट कारखाने त्याच्यावर चालतात.

एकाच भूमीत एकावर एक रचलेले हे चार ठेवे आहेत: चुनखडक, कोळसा, पाणी आणि जीवसृष्टीचा इतिहास. निसर्गाने ते एकत्र रचले. शासनाने मात्र ते वेगवेगळ्या कपाटांत ठेवले. कोळशाचा निर्णय केंद्रीय कोळसा मंत्रालय घेते. चुनखडकाचा खाणपट्टा राज्य देते, वाळू आणि मुरूम महसूल खाते सांभाळते, भूजलाची नोंद भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठेवते. जीवाश्मांसाठी तर देशात अद्याप स्वतंत्र कायदाच नाही. भूवारसा स्थळांच्या जतनासाठी २०२२ मध्ये एक मसुदा जाहीर झाला, त्याचा कायदा झालेला नाही. प्रत्येक खाणीचा पर्यावरणीय आढावा घेतला जातो हे खरे, परंतु तो त्या खाणीपुरता आणि तिच्याभोवतीच्या ठरावीक परिघापुरता. एकाच थराला शेजारी शेजारी वीस ठिकाणी छेद दिल्यावर खोऱ्याच्या भूजलाचे काय होईल, या प्रश्नाचे उत्तर देण्याची जबाबदारी त्या आढाव्यांमध्ये कोणावरच नसते.

हे केवळ कागदावरचे न्यून नाही. खुल्या खाणीत कोळशापर्यंत पोहोचण्यासाठी वरचा वालुकाश्म काढून टाकावा लागतो आणि खाण कोरडी राहावी म्हणून तिच्यात पाझरणारे पाणी सतत उपसून बाहेर सोडावे लागते. तळाला भोक पडलेल्या रांजणात वरून कितीही ओतले तरी पाणी टिकत नाही. तसे खाणीभोवतीच्या गावांतील विहिरींचे पाणी खाणीकडे ओढले जाते आणि पाऊस चांगला झाला तरी हिवाळा सरेपर्यंत पातळी उतरते. बेसॉल्टच्या प्रदेशात राहणाऱ्या आपल्याला याची कल्पना सहजासहजी येत नाही. आपल्याकडे पाणी भेगांत आणि मुरमात, तुकड्यातुकड्यांनी साठते. एका शिवारातली विहीर आटली तरी पलीकडच्या शिवारात पाणी असू शकते. वालुकाश्माच्या अखंड थरात तसे होत नाही. तेथे एका ठिकाणचा उपसा दूरवर पोहोचतो.

उकरलेल्या दगडमातीचाही विचार करावा लागतो. विदर्भातील खुल्या खाणींमध्ये एक टन कोळशासाठी सरासरी पाच घनमीटरांच्या आसपास माती व दगड काढावे लागतात. एक युनिट वीज तयार करण्यास साधारण ७०० ग्रॅम कोळसा लागतो. ६३० मेगावॉटचे एकलहरे केंद्र दिवसभर पूर्ण क्षमतेने चालले तर दीड कोटी युनिट वीज तयार होईल आणि सुमारे साडेदहा हजार टन कोळसा, म्हणजे जवळपास तीन मालगाड्या, जळतील. त्यातून नाशिकच्या पदरी साडेतीन हजार टनांच्या आसपास राख येईल. आपण त्या राखेबद्दल बोलतो आणि बोललेच पाहिजे. परंतु त्याच एका दिवसासाठी चंद्रपूर, यवतमाळ किंवा नागपूर जिल्ह्यात पन्नास हजार घनमीटर दगडमाती हलवली गेलेली असते, याची नोंद नाशिकमध्ये कोणी घेत नाही. त्या मातीचे डोंगर वर्धा, पैनगंगा आणि इरई या नद्यांच्या काठांवर उभे आहेत. पावसाळ्यात ते नाल्यांत उतरतात.

येथे एक अवघड मुद्दा आहे. लांबच्या वीज केंद्रांना धुतलेला, कमी राखेचा कोळसा मिळावा अशी मागणी रास्त वाटते. २०१४ मध्ये पाचशे किलोमीटरांपलीकडच्या केंद्रांसाठी ३४ टक्के राखेची मर्यादा घालण्यात आली होती आणि मे २०२० मध्ये ती काढून टाकण्यात आली. नाशिकच्या दृष्टीने ती मर्यादा परत यावी, असे मलाही वाटते. पण कोळसा धुतल्यावर जो कचरा उरतो तो वॉशरीजवळ (कोळसा धुण्याच्या कारखान्याजवळ), म्हणजे त्या खोऱ्यातच उरतो आणि धुण्याचे पाणीही तेथीलच असते. आपली राख कमी करण्यासाठी त्यांच्या अंगणात कचरा वाढवणे हा उपाय होऊ शकत नाही. वॉशरीतील उरलेला कचरा खाणीच्या रिकाम्या खड्ड्यांत शास्त्रशुद्ध रीतीने भरण्याचा खर्चही कोळशाच्या किमतीत धरला, तरच ती मागणी नैतिक ठरेल.

खोऱ्याला मोबदला मिळतच नाही, असे म्हणणे चुकीचे होईल. कोळशावर २०१२ पासून किमतीच्या १४ टक्के स्वामित्वधन (रॉयल्टी) आहे आणि ते राज्याच्या तिजोरीत जमा होते. खाण व खनिज कायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठाने स्थापन झाली. जानेवारी २०१५ पूर्वीच्या खाणपट्ट्यांनी स्वामित्वधनाच्या ३० टक्के आणि लिलावाने दिलेल्या पट्ट्यांनी १० टक्के इतकी जादा रक्कम त्या जिल्ह्याच्या प्रतिष्ठानाला द्यायची असते. ही सुधारणा महत्त्वाची होती. तथापि, तिच्यातून मुख्यतः पिण्याच्या पाण्याच्या योजना, आरोग्य, शिक्षण, रस्ते अशी कामे होतात. खोऱ्याच्या भूजलाचे पुनर्भरण, ढिगाऱ्यांचे स्थिरीकरण आणि खाण संपल्यावर उरणाऱ्या अजस्र खड्ड्यांचे भवितव्य ही कामे जिल्ह्याच्या सीमेत आणि वार्षिक आराखड्यात बसणारी नाहीत. त्यांना वीस-तीस वर्षांची दृष्टी आणि स्वतंत्र, राखून ठेवलेला निधी लागतो.

असा निधी उभारण्याचा एक प्रयत्न देशाने केला होता. २०१० मध्ये कोळशावर टनामागे ५० रुपयांचा स्वच्छ ऊर्जा उपकर लावण्यात आला आणि २०१६ पर्यंत तो ४०० रुपयांवर गेला. पण २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर तो राज्यांना द्यायच्या भरपाईच्या उपकरात विलीन झाला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये, कोळशावरील वस्तू व सेवा कर ५ वरून १८ टक्के करताना, संपुष्टात आला. कोळशाच्या नावाने ग्राहकाने दिलेले पैसे कोळशाने बिघडवलेल्या भूमीकडे वळले नाहीत. या अनुभवातून मी एक गोष्ट घेतो: सर्वसाधारण तिजोरीत मिसळणारा कर खोऱ्याच्या उपयोगाचा नाही, मग त्याचे नाव काहीही असो.

आता राज्याच्या हाती नवा अधिकार आला आहे. २५ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ८ विरुद्ध १ अशा बहुमताने निर्णय दिला की, स्वामित्वधन हा कर नव्हे आणि खनिजयुक्त जमिनीवर कर लावण्याचा अधिकार राज्यांना आहे. झारखंड आणि तमिळनाडू यांनी त्याच वर्षी तसे कायदे केले. महाराष्ट्रानेही हा अधिकार वापरावा, मात्र महसुलाची तूट भरून काढण्यासाठी नव्हे. वर्धा खोऱ्यातील खनिजयुक्त जमिनीवरील कर कायद्यानेच एका खोरेनिहाय निधीत जमा व्हावा, त्या निधीतून प्रथम संपूर्ण खोऱ्याचा भूजल आणि भूस्तरांचा एकत्रित आराखडा तयार व्हावा आणि त्या आराखड्याशी ताडून पाहिल्याशिवाय नवा पट्टा, मग तो कोळशाचा असो की चुनखडकाचा, दिला जाऊ नये. नागपूरला भूविज्ञान आणि खनिकर्म संचालनालय आहे, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे कार्यालय आहे. वेकोलिकडे, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेड या सरकारी कोळसा कंपनीकडे, अनेक दशकांच्या वेधविवरांच्या नोंदी आहेत. खोऱ्याविषयी माहितीचा तुटवडा नाही. ती एका टेबलावर आणून, सर्वांना वाचता येईल अशी प्रसिद्ध करण्याचा निर्णय हवा आहे.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप दराचा असेल आणि तो टाळून जाणे योग्य होणार नाही. निफाड-दिंडोरीचा द्राक्ष उत्पादक आणि येवला-चांदवडचा कांदा उत्पादक आधीच खर्चाने वाकलेला आहे. सातपूर आणि अंबडच्या लहान कारखानदारांना महाराष्ट्रातील औद्योगिक वीजदर परवडत नाहीत. म्हणून आकडा नीट मांडू. कोळशावर टनामागे १०० रुपयांचा बोजा पडला तर युनिटमागे ७०० ग्रॅम या हिशेबाने विजेचा खर्च ७ पैशांनी वाढतो. महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या घराला ही वाढ ७ रुपयांची आहे. शेतीपंपांसाठी ती राज्याने सोसावी. ज्यांचा वापर सर्वांत कमी आहे त्यांनाही वगळावे. मोठ्या घरगुती, व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांनी हे ७ पैसे द्यावेत, असे मी स्वतः वीज वापरणारा नाशिककर म्हणून म्हणतो. टनाला ४०० रुपये, म्हणजे युनिटमागे २८ पैसे, आपण त्या उपकराच्या रूपाने अनेक वर्षे नकळत दिलेच होते.

दुसरा आक्षेप चंद्रपूरकडूनच येऊ शकतो. खाणींवर तेथील हजारो कुटुंबे अवलंबून आहेत आणि नाशिकच्या माणसाने त्यांना खाणींचे तोटे सांगणे कोणाला अगोचरपणाचे वाटेल. मी खाणी बंद करण्याची मागणी करत नाही. कोळशाची खाण मुळातच अल्पायुषी असते, एवढेच सांगतो. वरोऱ्याची खाण एकोणिसाव्या शतकात सुरू झाली आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बंदही पडली. रोजगार त्या खाणीबरोबर गेला. विहिरी, जमीन आणि नदी मात्र तेथील माणसांना पुढेही लागतातच. खाण बंद करण्याच्या आराखड्यासाठी रक्कम राखून ठेवण्याचा नियम कोळसा मंत्रालयाने २००९ पासून केला आहे, पण तो एकेका खाणीपुरता आहे. खोरे दुरुस्त करण्याच्या कामात, ढिगाऱ्यातल्या वालुकाश्मापासून बांधकामाची वाळू काढण्यासारख्या उद्योगात, खाणीच्या पाण्याचे शुद्धीकरण करून ते गावांना देण्यात तेथील तरुणांना दीर्घकाळ टिकणारे काम मिळू शकते. वाळूचा प्रयोग विदर्भात झालेलाही आहे. बेसॉल्टच्या आपल्या प्रदेशात नदीची वाळू दुर्मीळ झाली असून डोंगर फोडून खडी आणि कृत्रिम वाळू काढली जाते. त्या पार्श्वभूमीवर ढिगाऱ्यातली वाळू हा टाकाऊ समजला गेलेला एक मोठा ठेवा आहे.

सिमेंटची गोष्ट थोडक्यात सांगतो. २०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथे रस्ते, पूल, घाट यांची कामे मोठ्या प्रमाणावर चालू आहेत. सिमेंट ज्यापासून दळतात त्या भाजलेल्या गोळ्यांच्या, म्हणजे क्लिंकरच्या, एका टनासाठी दीड टनाच्या जवळपास चुनखडक लागतो. मिश्र सिमेंटमध्ये ३५ टक्क्यांपर्यंत राख वापरता येते, तेव्हा एकलहऱ्याची राख या कामांत सक्तीने वापरली तर तितका चुनखडक खाणीत शिल्लक राहील. औष्णिक केंद्रांच्या राखेचा पूर्ण वापर व्हावा, हे बंधन ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने केंद्रांवर घातलेलेच आहे. निविदेत तशी अट घालण्यास महापालिकेला कोणी अडवलेले नाही.

नाशिकने हा प्रश्न आपला मानावा, यामागे आणखी एक कारण आहे. स्रोताच्या प्रदेशाचा हक्क म्हणजे काय, हे आपण पाण्याच्या बाबतीत पुरेपूर जाणतो. ऊर्ध्व वैतरणा धरण आपल्या जिल्ह्यात आहे आणि त्याचे पाणी मुंबईला जाते. समन्यायी वाटपासाठी जायकवाडीकडे पाणी सोडण्याचे आदेश निघतात, तेव्हा येथे मोर्चे निघतात, न्यायालयात याचिका जातात. धरणासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना आधी पाणी द्या, हे आपले म्हणणे असते. जो न्याय इगतपुरीच्या धरणग्रस्ताला लागू आहे, तोच राजुऱ्याच्या आणि वणीच्या खाणग्रस्ताला लागू आहे. गोदावरी येथून निघून सिरोंचाजवळ प्राणहितेला भेटते आणि पुढे त्याच गोंडवनी खोऱ्यातून वाहते. वर्धा आणि पैनगंगेतून उतरलेला खाणींचा गाळ तेथे आपल्याच नदीत मिसळतो.

म्हणून एकलहऱ्याच्या नव्या संचाची जनसुनावणी जेव्हा होईल, तेव्हा प्रकल्प अहवालात काही गोष्टी लेखी असाव्यात, अशी मागणी नाशिकच्या नागरिकांनी, शेतकरी संघटनांनी आणि उद्योजकांच्या संघटनांनी एकत्र येऊन आताच नोंदवावी. कोळसा कोणत्या खाणींतून येणार, त्या खाणी आणखी किती वर्षे चालणार आणि नव्या संचाच्या आयुष्याशी त्यांचा मेळ बसतो का. त्या खाणींभोवतीच्या विहिरींची मागील दहा वर्षांची भूजल पातळी काय सांगते. उकरलेली माती परत भरण्याचे काम कोठवर आले आहे. आणि खोऱ्याच्या दुरुस्तीसाठी प्रत्येक युनिटमागे किती पैसे राखून ठेवले जाणार आहेत. सुनावणीची सूचना मराठीत निघते, अहवालाचा सारांशही मराठीत द्यावा लागतो. त्या सारांशाची एक प्रत वणी, राजुरा आणि भद्रावती येथील तहसील कार्यालयांतही ठेवली जावी आणि तेथील ग्रामसभांच्या लेखी हरकती नाशिकच्या सुनावणीत वाचून दाखवल्या जाव्यात.